शाळेतली मैत्रीण आणि लिस्बनचे चढ

शाळेतल्या मैत्रिणीबरोबर लिस्बन कसं पाहिलं, त्याबद्दल मी या सदरात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. शहराबद्दल विचारणारी आहेतच, पण त्याहून जास्त पत्रं सोबतीबद्दल आहेत. म्हणून या वेळी सगळी जागा त्या पत्रांनाच.

प्रश्न: ताई, मी आणि माझी मैत्रीण पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसायचो. पुढे लग्न, नोकरी, बदल्या यांत संपर्क तुटला. आता शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे पुन्हा सापडलो. ती म्हणते, आपण दोघीच आठवडाभर लिस्बनला जाऊ. मला जायचंय, पण धास्ती वाटते. आठवडाभर एका खोलीत! गप्पा संपल्या तर? आमचं पटलंच नाही तर?

उत्तर: खुशाल जा. धास्ती वाटणं साहजिक आहे, कारण तुम्ही ओळखता ती मुलगी दहावीतली आहे, आणि विमानात तुमच्या शेजारी जी बसणार आहे तिने मध्ये अख्खं आयुष्य काढलंय. तिची तुमची ओळख अजून व्हायचीय. लिस्बनमध्ये ती छान होते, कारण तिथे दोघीही सारख्याच नवख्या असता. कुणी यजमान नाही, कुणी पाहुणी नाही, कुणाची सून किंवा कुणाची साहेब नाही.

शाळेच्या आठवणी पहिल्या दोन-तीन संध्याकाळी पुरतात. बाई, मास्तर, स्नेहसंमेलन, कुणाचं कुणाशी लग्न झालं, हे सगळं बोलून होतं. मग एक दिवस न्याहारीला दोघी गप्प बसता. त्या गप्प बसण्याला अजिबात घाबरू नका. पुढचं बोलणं शहर पुरवतं.

माझं सांगते. माझी मैत्रीण शाळेत गाण्यात पुढे होती, सकाळची प्रार्थना तीच सांगायची. माझ्या डोक्यात ती तशीच राहिली होती. ती स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली, निवृत्तही झाली, हे मला ठाऊक होतं, पण एखाद्याच्या व्हिजिटिंग कार्डावर वाचावं तेवढंच. लिस्बनमध्ये आम्ही कार्मोच्या पडक्या मठात गेलो. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये माणसं प्रार्थनेला जमलेली असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली आणि मग कित्येक दिवस शहर जळत राहिलं. कार्मोच्या चर्चचं छत तेव्हा कोसळलं, ते आजही नाही. दोन्ही बाजूंनी उंच टोकदार कमानी, मधे गवत आणि वर मोकळं आकाश.

मी फोटो काढत होते. ती एका खांबाजवळ उभी राहून दगडांचे सांधे बघत होती. मग म्हणाली, ‘अगं, हे सगळं एका वयाचं नाही.’ आतली माहिती वाचली तर खरंच तसं होतं. भूकंपानंतर चर्च पुन्हा उभारायला घेतलं होतं, पण १८३४ मध्ये पोर्तुगालमधले धार्मिक संघ बरखास्त झाले आणि काम थांबलं. पुढे ते मुद्दामच उघडं ठेवलं. तिने हे पाटी न वाचता ओळखलं होतं. त्या क्षणी मला कळलं की ही बाई मला माहीतच नाही, आणि मला ती माहीत करून घ्यायचीय.

मग पुढचे बेत तिच्या हातात दिले. खाली बाइशा भागात, रुआ दोस कोर्येरोस नावाच्या रस्त्यावर, एका बँकेच्या इमारतीच्या पोटात उत्खनन दाखवतात. प्रवेश फुकट आहे, पण आधी वेळ घ्यावी लागते आणि वाटाड्याबरोबरच आत सोडतात. रोमन काळातली मासे खारवायची टाकी सगळे कौतुकाने बघत होते. ती मात्र उकिडवी बसून इमारतीच्या पायाखालचे पाइन लाकडाचे खुंट बघत होती. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्किस द पोंबाल याच्या अमलाखाली हा भाग नव्याने वसवला, तेव्हा नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीत असे खुंट ठोकून त्यावर इमारती उभ्या केल्या. लाकूड कायम पाण्यात बुडालेलं असलं की त्याला हवा लागत नाही आणि ते कुजत नाही, हे तिने मला तिथेच समजावलं.

बाहेर आल्यावर कॉफी घेताना तिने पुढचा धडा घेतला. त्या इमारतींच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा असतो, त्याला तिकडे पिंजराच म्हणतात. चौकटी आणि त्यात फुलीसारख्या आडव्या-तिडव्या तुळया, मधे दगडविटांचा भराव. जमीन हलली तर भिंतीने तग धरावा, यासाठी ही सोय. हा सांगाडा तपासायला भोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली होती, असं सांगतात. तिने साखर ढवळायच्या चार काड्या घेतल्या, पावाच्या गोळ्या करून कोपरे चिकटवले आणि चौकोन केला. बोटाने ढकलल्यावर चौकोन तिरपा झाला. मग कर्णावर एक लांब काडी बसवली आणि मला म्हणाली, ‘आता ढकल.’ तो हलेना. मी मराठीची शिक्षिका, आयुष्यभर भूमितीपासून चार हात लांब राहिलेली, पण ती काडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर ती तिच्या पहिल्या साइटबद्दल बोलली. तिथे ती एकटीच बाई होती आणि मुकादम तिच्या सूचना तिच्या हाताखालच्या मुलाला विचारून पक्क्या करायचा. हे तिने आजवर मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या मैत्रिणीला निघण्याआधीच विचारा की तिथे तिला खास तिचं असं काय बघायचंय. ते कितीही आडवळणाचं असो, त्या दिवशी तिच्या मागे जा. तुमचंही एक ठरवा आणि तिला न्या.

आता खोलीचं. दोन स्वतंत्र पलंगांची खोली मागा, आणि परवडत असेल तर सरळ दोन खोल्या घ्या. घोरणं, पहाटे उठणं, रात्री उशिरापर्यंत दिवा, एसी, हे फोनवरच बोलून घ्या. शाळेतली मैत्रीण आहे, तिच्याशी कसला संकोच! आणि रोजची सकाळ, निदान एक दिवसाआड, वेगवेगळी काढा. आम्ही कार्मोच्या चौकातल्या जुन्या कारंज्यापाशी भेटायचो. तिथे जॅकरंडाची झाडं आहेत, मे-जूनमध्ये गेलात तर जांभळा बहर सापडण्याची शक्यता फार. भेटायची जागा आणि वेळ पक्की असली की फोनची बॅटरी संपली तरी कुणाचा जीव टांगणीला लागत नाही. शिवाय सकाळी एकेकटीने काय पाहिलं ते दुपारी सांगायला मिळतं, म्हणजे गप्पांचा प्रश्न तसाही सुटला.

प्रश्न: माझ्या वर्गमैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. लिस्बन म्हणजे नुसते चढउतार असं ऐकलंय. तिला घेऊन जावं का?

उत्तर: न्यावं, पण बेत तिच्या गुडघ्याने करावा.

पहिली गोष्ट, ‘वर गाडीने जा आणि चालत खाली या’ हा सल्ला सगळेच देतात. तो धडधाकट माणसांसाठी आहे. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो. त्यातून तिथले पदपथ चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या छोट्या दगडांचे. दिसायला इतके देखणे की रोसियो चौकात लाटांची नक्षी बघताना पाय टेकवू नये असं वाटतं, पण वर्षानुवर्षं पायांनी गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की घसरतात. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट हवेतच. चपला-सँडल खोलीत ठेवा. काठीची सवय असेल तर ती न लाजता बरोबर घ्या.

चढ टाळायच्या काही युक्त्या तिथल्याच आहेत. बाइशातून वरच्या शियादो भागात जायचं असेल तर बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनात रुआ दो क्रुसिफिशोच्या बाजूने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. गाडीत बसायचं नाही, तिकीटही लागत नाही. वर निघता ते थेट कॅफे अ ब्राझिलेरासमोर. तिथे कवी फर्नांदो पेसोआचा कांस्य पुतळा खुर्ची टाकून बसलाय आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे. किल्ल्याच्या दिशेला जायचं तर रुआ दोस फांकेरोसवरच्या एका इमारतीत लिफ्ट आहे. ती रुआ दा मादालेनावर सोडते, तिथून थोडं चालून दुसरी लिफ्ट. दोन्ही फुकट. त्या बंद असल्या तर प्रासा दा फिगेरापासून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्याच्या दाराशी जाते.

सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट १९०२ सालची, ४५ मीटर उंच. फार सुंदर आहे, पण रांगेत जेवढा वेळ उभं राहावं लागतं तेवढ्यात गुडघा बोलायला लागतो. ती खालून बघा. रुळांवरून चढणाऱ्या जुन्या डब्यांपैकी ग्लोरियाच्या डब्याला सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात झाला आणि १६ जणांचे जीव गेले. हे डबे सुरू आहेत का, ते तिथे पोहोचल्यावर विचारून मगच बेत करा.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्रामबद्दल जवळजवळ प्रत्येक पत्रात विचारलंय. मार्टिम मोनिझला, जिथून ती सुटते तिथे, सकाळी लवकर पोहोचा म्हणजे बसायला जागा मिळेल. दुपारी त्यात उभ्याने लोंबकळत, वळणावळणाला तोल सांभाळत, वर पाकीटमारांवर लक्ष ठेवत जाणं मैत्रिणीच्या पायाला झेपणार नाही. पर्स पुढे, छातीशी धरा.

एक दिवस पूर्ण सपाटीवर काढा. प्रासा दो कोमेर्सियोच्या चौकातून तेजो नदीच्या काठाकाठाने काइस दो सोद्रेपर्यंतचा रस्ता सपाट आहे आणि वाटेत टेकायला जागा आहेत. किंवा १५ नंबरच्या ट्रामने नदीकाठच्या बेलेम भागात जा. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला पार्क दास नासोंइस हा भागही सपाट, रुंद आणि नदीकाठचा. तिथलं मत्स्यालय बघताना मधल्या भल्यामोठ्या टाकीसमोर कितीही वेळ बसता येतं, कुणी उठवत नाही.

प्रश्न: माझी मैत्रीण परदेशात असते, तिची परिस्थिती उत्तम आहे. माझं पेन्शनवर चालतं. ती म्हणते, खर्चाचं तू बघू नकोस. मला ते पटत नाही, आणि तिला दुखवायचंही नाही.

उत्तर: पटत नाही ते योग्यच आहे. खर्चाचं तिने बघितलं की कुठे जायचं, कुठे जेवायचं, हेही हळूहळू तीच ठरवू लागेल. तिच्या मनात तसं काही नसलं तरी तुमच्याच तोंडून ‘तू म्हणशील तसं’ यायला लागेल.

कडक टीटीएमएमही मला आवडत नाही. दर कॉफीला दोघींनी पाकिटं उघडून सेंट मोजत बसण्यात मजा जाते. आम्ही एक कापडी बटवा केला होता. रोज सकाळी दोघींनी सारखे युरो त्यात टाकायचे, आणि कॉफी, जेवण, टॅक्सी सगळं त्यातून. संध्याकाळी बटवा रिकामा झाला की फिरणं संपलं. रोज किती टाकायचे तो आकडा तुम्ही ठरवा, म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याने. हे तिला निघण्याआधीच सांगा, त्या शहरातल्या हॉटेलात बिल समोर आल्यावर नको. तिला महागडं काही करावंसं वाटलं, तर ते तिने तिच्या वेगळ्या सकाळी करावं. आणि एखादं जेवण तिला तुम्हाला घालावंसं वाटलं, तर आनंदाने जेवा. एक जेवण म्हणजे उपकार नव्हेत.

बटव्याला भोक पाडणारी एक गोष्ट आधीच सांगते. तिथे बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लंत तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, त्यात कुणाला राग येत नाही. शाकाहारी असाल तर सूपसुद्धा विचारून घ्या. काल्दो व्हेर्दे हे त्यांचं हिरव्या पालेभाजीचं सूप छान असतं, पण त्यात बहुतेक वेळा सॉसेजची चकती टाकतात.

मेट्रो-ट्रामचं नावेगांते कार्ड दोघींचं वेगवेगळं लागतं. एकाच कार्डावर दोघी जाऊ शकत नाही. बेलेममधल्या जेरोनिमोस मठाला तिकीट आहे, पण त्याला लागून असलेल्या चर्चला नाही, आणि वास्को द गामाची कबर त्या चर्चमध्येच आहे. उंचावरून शहर बघायच्या जागा, ज्यांना तिकडे मिरादोरो म्हणतात, सगळ्या फुकट. सांता लुझियाच्या मिरादोरोवर टाइल्सचं एक मोठं चित्र आहे, त्यात नदीकाठचा चौक भूकंपाआधी कसा होता ते दिसतं. तुमच्या मैत्रिणीला ते तुम्ही दाखवा.

प्रश्न: आम्ही दोघे शाळूसोबती पुढच्या महिन्यात लिस्बनला जातोय. मित्र जिवाभावाचा आहे, पण त्याच्या बोलण्यात शाळा सोडून विषय नसतो. त्यातही मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केल्याचा किस्सा तो प्रत्येक मैफलीत सांगतो. सगळे हसतात. मला अजून लागतं. मी काय करावं?

उत्तर: लागतं हे त्याला सांगा. त्याला ते माहीतच नसण्याची शक्यता खूप आहे, कारण तुम्हीही इतकी वर्षं सगळ्यांबरोबर हसत आला असाल. चारचौघांत नका सांगू, आणि रात्रीच्या जेवणावरही नको. दुपारी दोघेच चालत असताना सांगा. बरोबरीने चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, अवघड बोलणं सोपं जातं. ‘तो किस्सा आता बंद कर, मला त्याचा त्रास होतो’, एवढं एक वाक्य पुरे. समजावत बसू नका.

त्याला शाळा आवडते, तर ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. मी तुम्हाला एक जागा सांगते जिथे शाळा निघेल, पण तो किस्सा निघणार नाही. अल्फामा या जुन्या वस्तीच्या वर साओ व्हिसेंत द फोरा नावाचा मठ आहे. त्यात निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर फ्रेंच कवी ला फोंतेनच्या बोधकथा चितारल्यात, ३८ चित्रं आहेत. प्राण्यांच्या या गोष्टींपैकी कितीतरी आपण क्रमिक पुस्तकात वाचलेल्या. आम्ही खेळ केला होता. आधी चित्र बघायचं, गोष्ट ओळखून मराठीत सांगायची, आणि मगच शेजारची माहिती वाचायची. माझी मैत्रीण बाईंच्या आवाजात सांगायची, तेसुद्धा तात्पर्यासकट. एका चित्रापाशी आमच्या दोघींच्या गोष्टी वेगळ्या निघाल्या आणि आम्ही तिथे कडकडून भांडलो. आजूबाजूचे प्रवासी कौतुकाने बघत होते. तुमच्या मित्राला तिथे घेऊन जा आणि त्याला सांगू द्या मनसोक्त.

मठाच्या मागच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो, फेइरा दा लाद्रा. जुनी पुस्तकं, टाइल्सचे तुकडे, किल्ल्या, रेडिओ, भांडी. तिथे दोघांनी वेगवेगळं फिरा.

आणि एक संध्याकाळ फादोला द्या. फादो हे लिस्बनचं गाणं, युनेस्कोने २०११ मध्ये मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली. एक गायक किंवा गायिका, एक साधी गिटार आणि एक बारा तारांची पोर्तुगीज गिटार. चांगल्या जागी गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात, वाढपी थांबतात आणि बोलणं पूर्ण बंद होतं. कुणी कुजबुजलं तर शेजारचे लोक वळून बघतात. तुमच्या मित्रालाही गप्प बसावं लागेल, पण मी ते त्यासाठी सांगत नाहीये. जुन्या मित्राबरोबर काही न बोलता, एकाच गोष्टीकडे कान लावून बसायची सवय आपल्याला राहिलेली नसते. वर्गात ती होती.

आम्ही ऐकलेली बाई साठीची असेल, काळी शाल घेतलेली, माइक नाही. गाणं झाल्यावर घरी परतताना माझी मैत्रीण त्यातली एक वरची जागा गुणगुणत होती. दोनदा चुकली, थांबली, पुन्हा खालून उचलली आणि घेतली. मग तिनेच सांगितलं की नोकरी लागली त्या वर्षी गाणं सुटलं, तानपुरा कुणाला तरी देऊन टाकला. मी ‘पुन्हा सुरू कर’ वगैरे काही म्हटलं नाही. तिने ती जागा पुन्हा एकदा घेतली, मी ऐकली.

रोसियोजवळ साओ डोमिंगोसच्या चर्चमध्येही जा. १९५९ मध्ये तिथे मोठी आग लागली. डागडुजी करताना भाजलेले, तडकलेले खांब झाकले नाहीत, तसेच ठेवलेत. हात लावला तर दगडाचे पापुद्रे निघाल्यासारखे लागतात. बाहेरच्या चौकात १५०६ च्या कत्तलीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. इथे जाऊन आल्यावर आम्ही त्या दुपारी दुसरं काही पाहिलं नाही, चौकात बसून राहिलो. तुमचं बोलणं करायला ती दुपार चांगली.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा आहे. व्हिसा दोघींनी एकत्र काढता येतो का?

उत्तर: नाही. पोर्तुगाल शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र आणि आपण जिथे राहतो तिथूनच. काही देशांच्या पासपोर्टवर कमी मुदतीसाठी व्हिसा लागतच नाही, मैत्रिणीने तिचं तिने तपासावं. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाचं संरक्षण किमान ३०,००० युरो हवं. दोघींचं हॉटेल एकीच्याच नावावर असेल तर आरक्षणाच्या कागदावर दुसरीचं नावही घालून घ्या. आणि जिला व्हिसा लागतो तिचा व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका. मैत्रिणीला ‘थांब’ म्हणायला जड वाटेल, तरी म्हणा.

प्रश्न: माझी शाळेतली मैत्रीण बरीच वर्षं लिस्बनमध्येच राहते. मी तिच्याकडे जातेय. ती सारखी विचारते, तुला काय काय दाखवू? मी काय सांगू?

उत्तर: तिला दाखवायला लावू नका. जिथे माणूस राहतो तिथली प्रेक्षणीय स्थळं त्याने पाहुण्यांसोबत इतक्या वेळा केलेली असतात की त्याला कंटाळा आलेला असतो, आणि पाहुण्याला तो जाणवतो. बेलेम, किल्ला, २८ नंबर, हे तुम्ही एकट्या जाऊन या. ती कामावर असेल तेव्हा जा. तिच्याबरोबर तिचं शहर बघा. ती भाजी कुठून आणते, कॉफी उभ्याने कुठे पिते, आजारी पडली तेव्हा कुठल्या दवाखान्यात गेली, नवी असताना कुठे रस्ता चुकली होती. तिला तिच्या पहिल्या घराच्या रस्त्यावर न्यायला सांगा. पहिल्या वर्षाबद्दल विचारा. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला त्या वर्षाबद्दल विचारणारं सहसा कुणी भेटत नाही. घरच्यांना सगळं छान आहे एवढंच सांगितलेलं असतं.

तिथेही एक गोष्ट अशी शोधा जी तिने पाहिलेली नाही. लिस्बनमध्ये वर्षानुवर्षं राहून टाइल्सचं राष्ट्रीय संग्रहालय न पाहिलेली माणसं असतात, कारण ते मध्यवर्ती भागापासून जरा बाजूला, जुन्या माद्रे द देउश मठात आहे. भूकंपाआधीच्या लिस्बनचं, सुमारे १७०० साली केलेलं, २३ मीटर लांबीचं टाइल्सचं चित्र तिथलं. त्यात अख्खा नदीकाठ आहे. जी इमारत आज उभी नाही तीही. तिला तिचं घर आज जिथे आहे ती जागा त्या चित्रात शोधायला सांगा. जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे ना, हे मात्र बघून घ्या.

आणि तिला सुटी असेल त्या संध्याकाळी काइस दो सोद्रेच्या धक्क्यावरून कासिल्यासची फेरी बोट पकडा. दहा मिनिटांचा प्रवास आहे, तेच नावेगांते कार्ड चालतं, आणि बोटीत पर्यटकांपेक्षा कामावरून परतणारे लोक जास्त असतात. १९६६ साली बांधलेला लाल पूल उजव्या हाताला राहतो. हुकूमशहा सालाझारचं नाव आधी त्याला होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर ‘२५ एप्रिल’ झालं. पलीकडे उतरून नदीकाठाने पुलाच्या दिशेने जाणारी, जुन्या गोदामांच्या भिंतीलगतची वाट २०२५ मध्ये धोक्यामुळे बंद केली होती, ती खुली आहे का ते विचारूनच जा आणि अंधार पडायच्या आत परत फिरा. सोमवारी बहुतेक संग्रहालयं आणि जेरोनिमोस मठही बंद असतो, तेव्हा तिला सोमवारची संध्याकाळ मोकळी ठेवता येते का, ते आत्ताच विचारून ठेवा.